साप, पुडी आणि ढोलगरवाडी

कोल्हापुरात आलात तर संध्याकाळी गंगावेशीत एक चक्कर टाकाच. दूध कट्टा! रस्त्याच्या कडेला म्हशी उभ्या, त्यांच्या पोटाशी उकिडवा बसलेला गवळी आणि समोर ग्लास धरून उभी असलेली पब्लिक. तालमीतून आलेले पैलवान, क्लास सुटलेली पोरं, स्कूटरवर नातवाला पुढे उभं करून आलेले आजोबा. धार काढली की फेसाळ ग्लास थेट तोंडाला. गाळणी नाही, गॅस नाही, पिशवी तर नाहीच नाही. डॉक्टर लोक न तापवलेल्या दुधाला नाक मुरडतात, आणि त्यांचं बरोबरच आहे म्हणा. पण कोल्हापूरकराचं लॉजिक एकदम सिंपल असतं. म्हस समोर पिळली, आता पाणी कवा घालणार?

याच कट्ट्यावर, मिशीला फेस लागलेल्या अवस्थेत, माझ्या रूममेटने पाकिटातून एक चपटं पाऊच काढून माझ्या हातात दिलं. रूममेट म्हणजे पक्का कोल्हापूरकर, घर शुक्रवार पेठेत, नोकरी पुण्यात आणि फ्लॅट माझ्याबरोबर शेअरिंगमध्ये. दिवाळीच्या आधीच्या वीकेंडला त्याच्या घरी तांबडा-पांढरा हाणायला म्हणून मी आलो होतो. निदान मला तसं सांगितलं होतं.

"काय आहे हे?"

"फेंटानिल टेस्ट स्ट्रिप. ताईने पाठवल्यात."

त्याची चुलत बहीण व्हँकुव्हरला नर्स आहे. तिच्याकडे या पट्ट्या चक्क फुकट वाटतात. प्रेग्नन्सी टेस्टची असते ना, तसलीच कागदी पट्टी. पुडीतली चिमूटभर पावडर पाण्यात विरघळवायची, पट्टीचं टोक त्यात बुडवायचं आणि दोनेक मिनिटं थांबायचं. एक लाइन आली तर फेंटानिल आहे. दोन आल्या तर नाही. आपल्या कोविड किटच्या बरोब्बर उलटं! दुसरी लाइन पुसट आली तरी ती 'नाही'च धरायची.

मी पाऊच उलटसुलट करून बघितलं. डोक्यात एकच प्रश्न. गेल्या वर्षी ज्याला चार दिवस आयसीयूत काढावे लागले, त्याच्या पाकिटात हे कशाला? बंद केलंय म्हणाला होता ना?

"उद्या ढोलगरवाडीला जाऊया," तो म्हणाला. "मला ते गाव बघायचंय."

---

ढोलगरवाडी हे नाव तुम्ही दोन कारणांनी ऐकलेलं असू शकतं. प्राणीप्रेमी असाल तर सापांची शाळा म्हणून. चंदगड तालुक्यातल्या या छोट्या गावात बाबुराव टक्केकर नावाच्या शिक्षकाने साठच्या दशकात मुलांना सापांची ओळख करून द्यायला सुरुवात केली, आणि मामासाहेब लाड विद्यालयाचं नाव त्यामुळे महाराष्ट्रभर झालं. नागपंचमीला इथे पोरं साप हातात घेऊन लोकांना माहिती सांगायची आणि ते बघायला लांबून गर्दी यायची.

दुसरं कारण क्राइमच्या पानावरचं. नोव्हेंबर २०२१ मध्ये मुंबई पोलिसांच्या अमली पदार्थविरोधी कक्षाने इथल्या एका फार्महाऊसवर छापा टाकला. आत एमडी बनवण्याचा कारखाना निघाला. एमडी म्हणजे मेफेड्रोन. मुंबईत पकडलेल्या मालाचा माग काढत काढत पोलीस थेट सह्याद्रीच्या कुशीतल्या या गावात पोहोचले होते.

एकच गाव. एकीकडे विष ओळखायला शिकवणारी शाळा आणि दुसरीकडे हे. सिनेमावाल्याने लिहिलं असतं तर आपण म्हटलं असतं, काहीही दाखवतात राव.

सकाळी सातला निघालो. रस्ता मस्त आहे. कागल सोडलं की कोगनोळीचा टोलनाका, आणि तिथून कर्नाटक. २०२१ मध्ये याच नाक्यावर आरटीपीसीआरचा रिपोर्ट दाखवल्याशिवाय गाड्या पलीकडे सोडत नव्हते. कागदावर 'निगेटिव्ह' नसेल तर यू टर्न! रूममेटला ते आठवलं आणि तो म्हणाला, "तवा नाकात काडी घालून घ्यायला कुणालाच लाज वाटली न्हाई बघ."

पुढे तंबाखूची निपाणी. मग संकेश्वर आणि तिथून उजवीकडे वळून पुन्हा महाराष्ट्रात, हिरण्यकेशीकाठच्या गडहिंग्लजला. हे फुटबॉलचं गाव आहे आणि इथल्या भुईमुगाच्या शेंगा फेमस आहेत. गडहिंग्लज सोडून चंदगडच्या दिशेने निघालात की हवा बदलते, उसाची जागा हळूहळू भात घेतो. वाटेत नेसरीची खिंड लागते. १६७४ मध्ये प्रतापराव गुजर आणि त्यांचे सहा साथीदार इथे बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले आणि कामी आले. स्मारकापाशी थांबून फोटो काढले. तिथल्या शांततेत रूममेट पहिल्यांदा त्या रात्रीबद्दल बोलला.

रात्र अशी होती. मुळशीच्या बाजूला एक फार्महाऊस, कुणाचं तरी प्रमोशन, कुणाचं तरी ब्रेकअप, पंधरा-वीस जण. मी पिण्यापलीकडे कशाला हात लावत नाही, हे साधुत्व म्हणून नाही, भीती म्हणून. याने मात्र पुडी घेतली होती. आणि त्याला काय वाटत होतं, तर एमडी म्हणजे एमडीएमएचा शॉर्टफॉर्म!

हे वाचून हसू नका. आपल्या ऑफिसातल्या चार जणांना विचारून बघा, दोघं तरी हेच सांगतील. एमडीएमए हे एक्स्टसी म्हणून ओळखलं जाणारं रसायन. मेफेड्रोन वेगळंच, खतच्या पानातल्या उत्तेजक द्रव्याच्या घराण्यातलं, १९२९ मध्ये प्रयोगशाळेत पहिल्यांदा बनलेलं आणि नंतर कित्येक दशकं विस्मरणात गेलेलं. ब्रिटनने २०१०च्या एप्रिलमध्ये त्यावर बंदी घातली. आपल्याकडे २०१५च्या फेब्रुवारीत ते एनडीपीएस कायद्याखाली आलं. त्या वर्षी मुंबईचे पेपर 'म्याव म्याव'च्या बातम्यांनी भरले होते, आठवत असेल. याची खोड अशी की अंमल लवकर उतरतो आणि हात पुन्हा पुडीकडे जातो. एमडीएमएच्या हिशेबाने घेणारा इथेच फसतो. अंग तापतं, छाती धडधडते, डोकं फिरतं, झटके येऊ शकतात. आणि यावर उतारा असं एकही औषध नाही. डॉक्टर अंग थंड करतात, शांत करणारी इंजेक्शनं देतात, हृदयावर नजर ठेवतात.

"दोन नावांत दोन अक्षरांचा फरक," तो म्हणाला, "आणि मी इंजिनिअर!"

मी काहीच बोललो नाही. त्या रात्रीची एक गोष्ट मला माहीत होती आणि त्याला माहीत नव्हती. म्हणजे, मला तसं वाटत होतं.

---

ढोलगरवाडीत पोहोचलो तेव्हा साडेदहा वाजले होते. कौलारू घरं, परसात काजूची झाडं, पिवळा पडत चाललेला भात, लांबवर डोंगराची रांग. बेळगाव इथून कोल्हापूरपेक्षा कितीतरी जवळ, त्यामुळे बोलीलाही तिकडचा हेल. रविवार असल्यामुळे शाळा बंद. गेटमधून आत डोकावलो, फोटो काढले आणि आता काय करायचं म्हणून चहाच्या टपरीवर जाऊन बसलो.

"या की ओ, बसा," टपरीवाले काका म्हणाले. वय साठीच्या आसपास. कोल्हापूरहून मुद्दाम आलोय म्हटल्यावर त्यांनी आम्हाला एकदा खालपासून वरपर्यंत बघितलं. "सापासाठी काय फार्महाऊससाठी?"

आम्ही दोघंही चपापलो. काका हसले. छाप्यानंतर बरेच जण तेवढंच विचारत येतात म्हणे. कुठलं फार्महाऊस ते त्यांनी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. "पोलिसांच्या गाड्या आल्या तवा कळालं आमास्नी," एवढंच म्हणाले. "साप असता तर पोरास्नी बी कळाला असता."

काका या शाळेचे माजी विद्यार्थी निघाले. मग काय, आमचा क्लासच सुरू झाला. चुलीच्या राखेत काडीने दोन साप काढले. एक मण्यार, एक कवड्या. दोन्ही काळपट, दोन्हींवर आडवे पांढरे पट्टे, दोन्ही रात्री फिरणारे, दोन्ही घरात घुसणारे. मण्यार चावली तर माणूस जाऊ शकतो. कवड्या बिनविषारी. फरक कुठे? कवड्याचे पट्टे मानेकडे ठळक आणि शेपटीकडे पुसट होत जातात. मण्यारीचं उलटं, डोक्याकडे पुसट, शेपटीकडे ठळक. शिवाय मण्यारीच्या पाठीच्या कण्यावर मोठ्या षटकोनी खवल्यांची ओळ असते.

"पर रातच्याला अंधारात पट्टं मोजत बसायचं न्हाई," काकांनी बजावलं. "वळख दिवसा करून ठेवायची. रातीला दवाखाना."

मण्यारीबद्दल त्यांनी सांगितलेली एक गोष्ट माझ्या डोक्यातून अजून जात नाही. ती चावली तर कित्येकदा दुखतही नाही, सूजही येत नाही. माणूस झोपलेला असतो, झोपूनच राहतो. तासाभराने पापण्या जड होतात, जीभ जड होते आणि मग श्वास थांबायला लागतो. मरतो तो श्वास थांबल्यामुळे. फेंटानिल आणि ब्राऊन शुगरने जाणारी माणसंसुद्धा अशीच जातात हो. झोपल्यासारखी. ओठ निळे, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या आणि श्वास मंद मंद होत बंद. फरक इतकाच की तिथे नॅलॉक्सोन नावाचं औषध आहे, ते वेळेवर मिळालं तर माणूस श्वास घ्यायला लागतो.

२००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली, असा अंदाज २०२० मध्ये आलेल्या एका मोठ्या अभ्यासाने मांडला. या आकड्यापुढे एका गावातली शाळा म्हणजे किती? पण या शाळेतून बाहेर पडलेली पोरं दिसेल तो साप काठीने ठेचत नाहीत आणि दिसेल त्या सापाला पायही देत नाहीत.

आता रूममेटने पाकिटातून ते पाऊच काढलं आणि काकांसमोर ठेवलं. मला वाटलं, संपलं, आता इथे काहीतरी होणार. काकांनी चष्मा लावला, पट्टी उजेडात धरली, ऐकून घेतलं. मग विचारलं, "सगळ्या ईखाला हीच पट्टी चालती काय ओ?"

"नाही काका. फक्त फेंटानिलला."

"आन् तुमच्याकडं ईख कसलं मिळतंय?"

रूममेट गप्प. कारण प्रश्न शंभर टक्के बरोबर होता.

---

ही पट्टी मुळात लघवी तपासण्यासाठी बनली. कॅनडात ब्रिटिश कोलंबियामध्ये फेंटानिलने माणसं इतकी मरायला लागली की २०१६ मध्ये तिथे सार्वजनिक आरोग्य आणीबाणी जाहीर झाली. त्याच वर्षी व्हँकुव्हरच्या 'इनसाइट' या देखरेखीखालच्या केंद्रात लोकांनी स्वतः आणलेला माल टोचण्याआधी या पट्टीने तपासायला सुरुवात केली. हेरॉइनपेक्षा पन्नास पटीपर्यंत कडक असलेलं फेंटानिल तिथे हेरॉइन म्हणूनच विकलं जात होतं. पुडी उघडून डोळ्यांना काहीही कळत नव्हतं. पट्टीने निदान एवढं कळायला लागलं की आत ते आहे की नाही. 'आहे' म्हटल्यावर कुणी फेकून दिलं, कुणी कमी घेतलं, कुणी एकट्याने घ्यायचं टाळलं.

पण पट्टीच्या मर्यादा मोठ्या आहेत आणि त्या कुणी ठळक अक्षरांत छापत नाही. किती आहे ते ती सांगत नाही. पावडर नीट मिसळलेली नसेल तर या चिमटीत नाही आणि त्या चिमटीत आहे, असं होऊ शकतं. एमडीएमए किंवा मेथसारखा माल पुरेशा पाण्यात विरघळवला नाही, तर फेंटानिल नसतानाही 'आहे' दाखवू शकते. आणि मुख्य म्हणजे, दोन लाइन आल्या म्हणजे पुडी सेफ असं अजिबात नाही. फेंटानिल नाही, बस. बाकी काय आहे, ते पट्टीला माहीत नाही.

त्या रात्री मुळशीला ही पट्टी असती तर? दोन लाइन आल्या असत्या बहुतेक. आणि आमची अख्खी गँग टाळ्या पिटत 'क्लीन आहे, क्लीन आहे' म्हणाली असती.

आपल्याकडे पकडला जाणारा माल बघा. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी पुणे, कुरकुंभ एमआयडीसी, सांगलीजवळचं कुपवाड आणि थेट दिल्ली असं करत साडेतीन हजार कोटींच्या वर किंमत लावलेलं एमडी पकडलं. पुढच्याच महिन्यात मुंबई क्राइम ब्रँचने कवठेमहांकाळ तालुक्यातल्या इरळीत कारखाना पकडला, शंभर किलोहून जास्त माल. ढोलगरवाडी, कुपवाड, इरळी. द्राक्षाच्या, उसाच्या, काजूच्या मुलखातली नावं आहेत ही. गोव्याच्या बीचवरची नाहीत.

असा माल पकडला की पोलिसांकडच्या किटने जागेवरच तपासला जातो, मग नमुना न्यायवैद्यक प्रयोगशाळेत जातो. म्हणजे आपल्या राज्यात पुडीत काय आहे ते कळण्याची उत्तम सोय आहे. ती फक्त पुडी पकडली गेली तरच! पुडी पोरांच्या पोटात गेली की मग कुणालाच कळत नाही. नेदरलँड्समध्ये १९९२पासून लोकांनी आणून दिलेल्या गोळ्या तपासून सांगणारी सरकारी यंत्रणा आहे. वेल्समध्ये २०१३पासून 'वेडिनॉस' नावाची सेवा आहे, नाव न सांगता पोस्टाने नमुना पाठवायचा आणि रिझल्ट इंटरनेटवर बघायचा. डायझेपाम म्हणून घेतलेल्या गोळ्यांत भलतंच काहीतरी निघाल्याचे रिपोर्ट तिथे वारंवार येतात. आपल्याकडे असा काउंटर नाही. उघडायचा म्हटलं तर नमुना घेऊन येणाराच एनडीपीएसमध्ये अडकायचा.

'अहो पण हे म्हणजे पोरांना परवानगीच झाली!' हा आवाज मला इथे बसून ऐकू येतोय, आणि खरं सांगू, माझ्याही आत तो आहे. पाऊच बघितल्याबरोबर मला तेच वाटलं होतं. पण ढोलगरवाडीच्या पोरांना मण्यार ओळखायला शिकवलं म्हणून ती मण्यारीशी खेळायला गेली नाहीत. उलट मला तर असं दिसतं की बाटलीत काय आहे ते न कळल्यामुळेच २०१५च्या जूनमध्ये मालवणीत शंभराहून जास्त माणसं गेली. त्यांनी दारू घेतली होती. आत मिथेनॉल होतं.

आणि आपण काही या विषयात अगदीच अडाणी नाही. ऐंशीच्या दशकात ब्राऊन शुगरचं लोण आलं तेव्हा अनिल अवचटांनी त्यावर 'गर्द' लिहिलं. ते आणि डॉ. अनिता अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात 'मुक्तांगण' सुरू केलं, पु. ल. देशपांड्यांनी मदतीचा हात दिला. ज्याच्याविषयी घरात बोलायचं नाही त्याविषयी मराठी माणूस मोठ्याने बोलायला लागला तो तेव्हापासून. १४४४६ ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, फुकट आहे. इमर्जन्सीत १०८ला फोन करायचा. आणि पोलिसांच्या भीतीने हातपाय गाळणाऱ्यांसाठी, एनडीपीएस कायद्यात ६४-अ नावाचं कलम आहे. सेवनाच्या किंवा थोड्या मालाच्या केसमध्ये अडकलेला व्यसनी माणूस स्वतःहून उपचाराला तयार झाला, तर त्याला खटल्यातून सूट मिळू शकते. हे मला त्या रात्री माहीत असतं तर बरं झालं असतं.

---

दुसरा चहा आला. काका सांगत होते की आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारांच्या विषावर बनतं. इथून जवळच आंबोलीच्या जंगलात चापडा भेटतो, तो या चारांत नाही. "म्हणून दवाखान्यात गेल्यावर पैलं काय करायचं? खरं सांगायचं. साप मारून पिशवीतनं आणायचा न्हाई. कवा चावला, कुटं चावला, मग काय काय झालं, तेवढं खरं सांगायचं. काही लोक काय करत्यात, मांत्रिकाकडं जाऊन आलेलं लपवत्यात. दोन तास ततंच गेल्यात, आन् डॉक्टरला सांगत्यात आत्ताच चावला. डॉक्टरनं काय करायचं?"

मी चहाचा ग्लास खाली ठेवला. हात थरथरत होता म्हणून.

त्या रात्री याला गाडीत घालून हॉस्पिटलला नेणारा मी होतो. कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरने विचारलं, काय झालं? मी म्हणालो, बाहेरचं काहीतरी खाल्लंय, उलट्या होतायत. पोलीस येतील, कंपनीत कळेल, याच्या वडिलांना काय सांगायचं, हे सगळं एका सेकंदात डोक्यात येऊन गेलं. मग त्यांनी सलाइन लावलं, उलटीचं इंजेक्शन दिलं. अर्ध्या तासाने दुसऱ्या डॉक्टरने त्याच्या डोळ्यांत बॅटरी मारली, अंगाला हात लावला आणि माझ्याकडे वळून सरळ विचारलं, "काय घेतलंय याने?" तेव्हासुद्धा मी बोललो नाही. तिसरा एक मित्र पार्किंगमधून धावत आला आणि त्याने सांगितलं. तोपर्यंत पाऊण तास गेला होता.

परत निघाल्यावर, गाव मागे पडल्यावर, मी रूममेटला हे सगळं सांगितलं. खिडकीबाहेर बघत सांगितलं. तो गाडी चालवत होता.

"माहीत्येय," तो म्हणाला.

"कसं?"

"केस पेपरवर लिहिलंय की. सस्पेक्टेड फूड पॉयझनिंग. हिस्ट्री गिव्हन बाय फ्रेंड." मग थोड्या वेळाने, "फ्रेंड म्हंजे तूच. दुसरा कोण येणार हुता मर्दा?"

भाताची खाचरं मागे जात होती. मला काय बोलावं सुचेना. सॉरी म्हणालो. त्याने मान हलवली.

"पुढच्या वेळी खरं सांग."

"पुढच्या वेळी?" माझा आवाज चढला. "पुढच्या वेळी म्हणजे काय? या पट्ट्या त्यासाठीच घेतल्यास ना?"

"पार्टीत काय मी एकटाच असतोय व्हय?" तो म्हणाला. "मी तर आता जाणारच न्हाई. तू जातोस. ती चौदा जणंबी जात्यात." आणि डाव्या हाताने पाकीट काढून माझ्या मांडीवर टाकलं. "ठेव तुझ्याकडं. आन् त्यांना पट्टी दाखवायच्या आधी सांग, की ही एमडीला चालत न्हाई."

नेसरीच्या खिंडीत आता स्कूलबस थांबली होती आणि पोरं स्मारकाच्या पायऱ्यांवर पळापळी करत होती. आम्ही थांबलो नाही. गडहिंग्लजला मात्र थांबलो. त्याच्या आईने दोन किलो शेंगा आणायला सांगितल्या होत्या. दुकानदाराने सांगितलेल्या भावावर रूममेटचा विश्वास नव्हता, त्यामुळे मूठभर शेंगा फोडून, दाणे तळहातावर चोळून, फुंकर मारून, चार तोंडात टाकून त्याने खात्री केली आणि मगच पिशवी भरायला सांगितली.